भट्टी विझली तेव्हा गावातलं आणखी काय काय विझलं? – पिट्सबर्ग आणि मॉन व्हॅली

मोनकाठची

नमस्कार मंडळी,
हा विषय बरेच दिवस डोक्यात घोळतोय, आज वेळ काढून लिहायला बसलेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी फिजिओथेरपिस्ट. पेनसिल्व्हेनियातल्या पिट्सबर्गला येऊन एकोणीस वर्षं झाली, त्यातली अकरा वर्षं घरोघरी जाऊन पेशंट बघते. खुबा-गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, पडलेले, अर्धांगाचा झटका येऊन गेलेले, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. माझ्या वाट्याला होमस्टेड, मनहॉल, ब्रॅडॉक, ड्यूकेन, मॅकीस्पोर्ट ही गावं येतात. मोनोंगहेला नदीच्या काठाकाठाने वसलेली आहेत, इथले लोक नदीला नुसतं मॉन म्हणतात. नदीच्या सपाट पट्ट्यात पोलादाचे कारखाने आणि कामगारांची घरं वर डोंगरउतारावर, त्यामुळे गाडी खाली लावायची आणि पायऱ्या चढत जायचं, काही गल्ल्या तर नकाशावर रस्ता म्हणून दाखवतात आणि प्रत्यक्षात नुसत्या पायऱ्याच असतात. ज्या पायऱ्यांवरून ही माणसं वर्षानुवर्षं डबा घेऊन शिफ्टला उतरली त्याच आता त्यांना उतरता येत नाहीत म्हणून मला बोलावणं येतं.

एक आजोबा आहेत, वय ८४ (त्यांना विचारून लिहितेय, आणि ओळख पटेल असं काही लिहीत नाही). होमस्टेडच्या कारखान्यात जाड पत्रा लाटायच्या मिलमध्ये होते. दोन्ही कान गेलेत. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरे बारीक ठिपके आहेत, आपल्याला फोडणी उडून पडतात ना तसेच, फक्त शेकड्यांनी. मिलच्या आवाजात बोललेलं ऐकू यायचं नाही म्हणून तिथे सगळा कारभार हातवाऱ्यांवर चालायचा, क्रेनवाल्याला वर घे, खाली घे, थांब. मी पहिल्यांदा गेले तेव्हा ते खुर्चीतून बायकोला मूठ मिटून काहीतरी खूण करत होते. आजी म्हणाल्या, ती क्रेन थांबवायची खूण आहे, म्हणजे कॉफी ओतणं आता पुरे.

ते १९६० साली लागले, वय १९. होमस्टेडचा कारखाना १९८६ च्या उन्हाळ्यात बंद झाला. म्हणजे नोकरी झाली २६ वर्षं. नियम असा होता की ३० वर्षं भरली की वय कितीही असो पूर्ण पेन्शन. यांची चार कमी पडली. पुढे पेन्शन मिळालं पण उशिरा आणि तुटपुंजं. पंचेचाळिसाव्या वर्षी, घरात तीन मुलं, हातातलं कसब असं की ज्याला आता शंभर मैलांत गिऱ्हाईक नाही.

आता माझा मुद्दा. आपण नेहमी वाचतो की कारखाने गेले, नोकऱ्या गेल्या, आणि तिथेच थांबतो. पण या घरांमधून बसून बसून माझ्या लक्षात असं आलंय की इथे नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता, एकाच खुंटीवर अख्ख्या घराचं सगळं टांगलेलं होतं आणि खुंटीच उपटली गेली. दुसऱ्या महायुद्धात सरकारने पगारवाढ गोठवली होती, मग कंपन्यांनी माणसं टिकवायला पगारवाढीऐवजी आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. युद्धानंतर राष्ट्राध्यक्ष ट्रुमनने सगळ्यांसाठी सरकारी विम्याची योजना मांडली ती काँग्रेसमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, अडकली. मग १९४९ मध्ये पोलाद कामगारांनी संप करून पेन्शन आणि विमा दोन्ही कंपनीकडून मिळवले. त्या वेळेला तो मोठाच विजय होता, मी त्याला नावं ठेवत नाहीये. पण त्याचा अर्थ असा झाला की आजारपणाची सोय आणि म्हातारपणाची सोय दोन्ही एका कारखान्याच्या तब्येतीवर अवलंबून. गावाची शाळासुद्धा त्याच कारखान्याच्या मालमत्ता करावर. चर्चही कामगारांच्या वर्गणीवर, स्लोव्हाकांचं वेगळं, पोलिशांचं वेगळं, हंगेरियनांचं वेगळं. मुलीला बघायला येणारा मुलगाही त्याच कारखान्यातला.

आजोबांना नोकरी गेल्यावर काही महिन्यांनी छातीत दुखायला लागलं, तर ते दोन वर्षं डॉक्टरकडे गेलेच नाहीत, विमा संपला होता. त्याच वर्षी कायदा झाला होता की सुटलेल्या माणसाला १८ महिने जुना विमा चालू ठेवता येईल, पण पूर्ण हप्ता स्वतः भरून. ज्याचा पगार बंद झालाय तो हप्ता कुठून भरणार? आजी मग नर्सिंग होममध्ये मदतनीस म्हणून लागल्या. आधी त्या कधी बाहेर काम करत नव्हत्या, नवऱ्याला आवडायचंही नाही. पगार त्याच्या निम्म्याहून कमी, पण विमा होता. घरातलं ताट कोण आधी वाढून घेणार, गाडीची किल्ली कोणाकडे, रविवारी कोणी आराम करायचा हे सगळं त्या एका गोष्टीने बदललं असं आजी म्हणतात, आणि आजोबा ते ऐकून खिडकीबाहेर बघत बसतात.

तुमच्यापैकी जे अशा गावांत राहता किंवा राहिलात त्यांनी लिहा ना. आकडे मला वाचायला मिळतात, मला तुम्ही जे डोळ्यांनी बघितलंय ते हवंय.

---

ओहायोकर

ताई, धागा वाचून राहवलं नाही. मी यंगस्टाउनपासून अर्ध्या तासावर राहतो, तेवीस वर्षं झाली. तुमच्या होमस्टेडच्या नऊ वर्षं आधी आमच्याकडे झालं ते. १९ सप्टेंबर १९७७, सोमवार. यंगस्टाउन शीट अँड ट्यूब या पोलाद कंपनीने कॅम्पबेल वर्क्स हा कारखाना बंद करतोय असं जाहीर केलं, सुमारे ५,००० नोकऱ्या एका फटक्यात. इथे आजही नुसतं ब्लॅक मंडे म्हटलं की शेअर बाजाराची पडझड कोणाच्या मनात येत नाही, हाच सोमवार येतो.

मला त्यातली एक गोष्ट फार लागते. गावाने हातपाय गाळले नव्हते. चर्चवाले पुढे आले, कॅथलिक, प्रोटेस्टंट, ज्यू सगळे धर्मगुरू एकत्र, आणि म्हणाले आपणच कारखाना विकत घेऊ, कामगार आणि गाव मिळून. लोकांनी त्यासाठी बँकेत 'सेव्ह अवर व्हॅली' नावाची खाती उघडली, त्यात आपापल्या बचतीचे पैसे टाकले. पण फेडरल सरकारची कर्जहमी लागणार होती, ती कार्टर सरकारने १९७९ मध्ये नाकारली आणि तिथे सगळं संपलं. त्याच वर्षी यूएस स्टीलनेही (तुमचा होमस्टेडचा कारखाना त्यांचाच) आपले इथले कारखाने बंद करायचं जाहीर केलं.

१९३० ला यंगस्टाउनची लोकसंख्या १,७०,००२ होती. २०२० च्या जनगणनेत ६०,०६८. आमच्या गावाने नंतर एक वेगळीच गोष्ट केली, २०१० साल डोळ्यापुढे ठेवून आराखडा केला आणि त्यात सरळ मान्य केलं की आपण आता लहान गाव आहोत, पुन्हा मोठं होणार नाही, त्या हिशोबाने रस्ते, दिवे, पाईप ठेवायचे आणि रिकामी घरं पाडायची. मला हे धाडसाचं वाटलं. पण रिकाम्या घरांच्या मधोमध ज्या एका घरात म्हातारी राहतेय तिला तिथून उठ म्हणून कोण सांगणार, तिथेच तो आराखडा अडला.

आणि जवळच लॉर्ड्सटाउनला जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९६६ पासूनचा. स्टील गेलं तरी तो आहे म्हणून लोक टिकून होते. मार्च २०१९ मध्ये तोही थांबला. माझ्या मुलाच्या वर्गातली चार-पाच मुलं त्या उन्हाळ्यात गाव सोडून गेली, बाबांची बदली दुसऱ्या राज्यात. एका मुलाचे बाबा टेनेसीत आणि आई इथेच, कारण तिचे वडील डायलिसिसवर.

---

भट्टीवाले_काका

मी मेटलर्जिस्ट, आता निवृत्त. आधी पुण्यात फाउंड्रीत, मग १९९१ पासून इंडियानात एका मिनी-मिलमध्ये, म्हणजे भंगार वितळवून पोलाद करणाऱ्या छोट्या कारखान्यात होतो. म्हणजे ज्यांनी तुमच्या आजोबांची मिल मारली त्या बाजूचा माणूस मी. तेव्हा माझ्याकडून तांत्रिक बाजू थोडी.

दर वेळी चर्चा 'चीनने नोकऱ्या नेल्या' इथे येते. तारखा बघा. यंगस्टाउन १९७७. होमस्टेड १९८६. चीन डब्ल्यूटीओमध्ये (जागतिक व्यापार संघटनेत) आला डिसेंबर २००१ मध्ये. पोलाद गावं त्याच्या खूप आधी कोसळली होती.

झालं काय तर युद्धानंतर अमेरिकेकडे जगातली सगळ्यात मोठी पोलादाची क्षमता होती, पण जुन्या पद्धतीच्या ओपन हार्थ भट्ट्यांची. एक घाणा निघायला आठ-दहा तास. ऑस्ट्रियात लिंझला १९५२ मध्ये ऑक्सिजन फुंकून पोलाद करायची पद्धत चालू झाली, त्यात घाणा पाऊण तासात उतरतो. जपान आणि जर्मनीने कारखाने नव्याने बांधताना तीच घेतली. इथल्या मोठ्या कंपन्यांनी पन्नासच्या दशकातही ओपन हार्थ वाढवण्यातच पैसा घातला. मग १९५९ चा संप, ११६ दिवस, पाच लाख कामगार. गिऱ्हाइकांनी पहिल्यांदा बाहेरचं पोलाद मागवून बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं की हे चालतं. त्या वर्षी आयात निर्यातीच्या वर गेली.

पुढे १९८० नंतर व्याजदर २० टक्क्यांच्या आसपास, डॉलर चढा, मंदी, बेकारी १०.८ टक्के. आणि याच काळात १९८२ मध्ये यूएस स्टीलने मॅरॅथॉन ऑइल घेतली, जवळपास ६ अब्ज डॉलर मोजून. भट्ट्यांना द्यायला पैसा नाही म्हणत होते ना, तर तो तेलात गेला. कंपनी म्हणून तो निर्णय हिशोबाने बरोबर असेलही, पण मॉन व्हॅलीतल्या माणसाला त्यातून काय कळायचं ते कळलं.

आणि मग आम्ही आलो. विजेची आर्क भट्टी, कच्चा माल म्हणजे भंगार. कोक (कोळसा भाजून केलेलं इंधन) नको, झोतभट्टी नको, नदीकाठ नको. न्यूकॉर या मिनी-मिलवाल्या कंपनीने १९८९ मध्ये इंडियानात क्रॉफर्ड्सव्हिलला पातळ स्लॅब ओतून सरळ पत्रा लाटायला सुरुवात केली. ऐंशीच्या सुरुवातीला एका टनाला साधारण दहा मनुष्यतास लागायचे ते आता दोनच्या खाली आलेत. आमच्या पाळीला कंट्रोल रूममध्ये मोजकी माणसं असायची, काचेआड, एसीत. तेवढंच पोलाद करायला जुन्या मिलमध्ये शेकडो लागायची. मला माझ्या कामाचा अभिमान आहे, आजही आहे. पण हेही खरं की ज्या शेतातल्या गावात आमचा प्लँट होता तिथे ना युनियन होती ना कामगारांचं गाव. माणसं तीस-चाळीस मैलांवरून गाडीने यायची, काम करायची आणि जायची. शिफ्ट सुटल्यावर सगळे मिळून कुठे बसलेत असं मी कधी पाहिलं नाही.

---

मोनकाठची

काका, तुमच्या प्रतिसादातलं शेवटचं वाक्य मी नवऱ्याला वाचून दाखवलं. इथे प्रत्येक गेटसमोर बार होते, पाळी सुटायच्या आधीच ग्लास भरून रांगेने मांडून ठेवायचे म्हणे. त्याचं वाईटही खूप होतं, आजीच सांगतात पगाराच्या दिवशी बायका पोरांना गेटवर पाठवायच्या बाबांना घरी आणायला. जुन्या दिवसांचे गोडवे गाणारा धागा व्हावा अशी माझी इच्छा नाहीच. १९२३ पर्यंत या मिलमध्ये १२ तासांची पाळी होती, आणि दिवस-रात्र पाळी बदलताना सलग २४ तास. त्याच होमस्टेडला ६ जुलै १८९२ ला कंपनीने कामगारांविरुद्ध बोटींतून पिंकर्टन या खाजगी एजन्सीचे ३०० भाडोत्री बंदूकधारी आणले होते, दोन्हीकडची माणसं मेली आणि युनियन जी मोडली ती पुढे १९३७ पर्यंत कंपनीच्या दारात उभी राहू शकली नाही. म्हणजे जे चांगले दिवस म्हणतात ते १९४० ते १९८० एवढेच. एका माणसाच्या नोकरीएवढे.

---

निशा_जे

>> जे चांगले दिवस म्हणतात ते १९४० ते १९८० एवढेच

आणि तेही सगळ्यांचे नव्हेत. मी क्लीव्हलँडला सोशल वर्कर आहे, माझ्याकडे येणारी बरीच कुटुंबं कृष्णवर्णीय आहेत, दक्षिणेतून आलेल्यांची नातवंडं. १९१० ते १९७० मध्ये साठ लाख माणसं दक्षिण सोडून अशा शहरांत आली. मिलमध्ये त्यांना घेतलं ते कोक ओव्हनवर, झोतभट्टीच्या तोंडाशी, जिथे सगळ्यात उष्णता आणि धूर. आणि बढतीचा क्रम प्रत्येक खात्याचा वेगळा, म्हणजे कोक ओव्हनवरचा माणूस मशीन शॉपमध्ये बदलून गेला तर त्याची आधीची वर्षं शून्य, पुन्हा तळापासून. कागदावर नियम सगळ्यांना सारखा होता, पण माणूस जिथे पहिल्यांदा उभा केला तिथेच आयुष्यभर राहायचा.

१९७४ मध्ये खटल्यांच्या दबावाखाली नऊ पोलाद कंपन्या, युनियन आणि सरकार यांच्यात करार झाला, त्याला इथे कन्सेंट डिक्री म्हणतात. आता वर्षं अख्ख्या कारखान्याची धरली जाणार, कसबी कामाच्या जागा कृष्णवर्णीयांना आणि बायकांना मिळणार. माझ्या एका क्लायंटची आई १९७६ ला वेल्डर म्हणून लागली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावावर गाडी. आणि पहिली ले-ऑफची लाट १९७९-८० ला, शेवटी आला तो आधी बाहेर. दार उघडायला ऐंशी वर्षं लागली आणि आत जाऊन पाच वर्षं झाली नाहीत तोवर इमारतच बंद. माझ्या त्या क्लायंटने हे सांगितलं तेव्हा आवाज चढवला नाही की काही नाही, फक्त आईचं वेल्डिंगचं हेल्मेट अजून माळ्यावर आहे म्हणाली.

---

गिरणगाव_परळ

माझे वडील परळला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला तेव्हा मी सहावीत. आता न्यूजर्सीत आहे. ताई, तुमचा होमस्टेडचा कारखाना बंद झाला त्या जागी काय आहे आता? कारण आमच्याकडे मॉल आहे.

---

मोनकाठची

इथेही. द वॉटरफ्रंट नाव आहे, १९९९ ला उघडला, दुकानं, सिनेमा, हॉटेलं. मिलच्या बारा चिमण्या तेवढ्या ओळीने उभ्या ठेवल्यात, पार्किंगच्या कडेला.

पण मला एक फरक जाणवतो, तुम्ही सांगा बरोबर आहे का. गिरणी कामगाराला मागे गाव होतं, कोकणात नाहीतर घाटावर, पडका का होईना वाडा, भाऊबंद. संपात किती कुटुंबं गावी गेली. इथल्या माणसाचे आजोबा स्लोव्हाकिया-पोलंडहून आले ते सगळे दोर कापूनच आले. मागे काही नाही. जे काय होतं ते म्हणजे हप्त्यावरचं घर आणि तेही त्याच गावात. गाव बुडालं की घराची किंमतही बुडाली. आजोबांना १९८७ ला ह्यूस्टनला नोकरी मिळत होती, घर विकायला काढलं, आठ महिने कोणी फिरकलं नाही. भाड्याचं घर असलेला मित्र गेला, स्वतःचं घर असलेले हे अडकले.

जानेवारी १९८३ मध्ये पिट्सबर्ग भागात बेकारी इतकी होती की हप्ते थकलेल्या घरांचे लिलाव भराभर निघायला लागले, तेव्हा बेकार कामगारांच्या समितीने धरणं धरलं आणि काउंटीच्या शेरीफनेच, म्हणजे हे लिलाव करणाऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्यानेच, लिलाव करायला नकार दिला. आजोबा त्या गर्दीत होते, ती आठवण निघाली की त्यांची मान ताठ होते.

---

गिरणगाव_परळ

बरोबर आहे तुमचं. आम्ही दोन वर्षं देवगडला राहिलो, मी तिथल्याच शाळेत सातवी-आठवी केली. आई म्हणायची भात तरी घरचा आहे. वडील मात्र संध्याकाळी बंदरावर जाऊन नुसते बसायचे. भोंगा नाही तर दिवस कळत नाही म्हणायचे. तुमच्या आजोबांच्या खिडकीवरून आठवलं.

---

सोलापुरी

आधी नुसताच वाचत होतो, पण काकांनी चीनचा विषय काढला म्हणून लिहितो. पोलादाची लाट आधीची हे खरं, पण दुसरी लाट खरंच व्यापाराची होती आणि ती दक्षिणेत आली, कापड आणि फर्निचरवर. मी शार्लटला राहतो, जवळच कॅनापोलिस आहे. कॅनन टॉवेलचं गाव. १९८२ पर्यंत तर कामगारांची घरंसुद्धा मालकाची होती, नगरपालिकाच नव्हती, ती १९८४ ला झाली. ३० जुलै २००३ ला ती कंपनी (नंतरचं नाव पिलोटेक्स) बंद पडली, एकट्या कॅनापोलिसमध्ये चार हजारांवर लोक. नॉर्थ कॅरोलायनात तोपर्यंत एका दिवसात एवढी माणसं कधी निघाली नव्हती.

आता माझं. माझे मामा सोलापूरला, टेरी टॉवेलचे लूम. जानेवारी २००५ ला जगभरचा कापडाचा कोटा, म्हणजे कोणत्या देशातून किती कापड घ्यायचं यावरची मर्यादा, उठला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत मामांनी लूम वाढवले, अमेरिकेला जाणाऱ्या ऑर्डरी यायला लागल्या, त्याच पैशातून मामेबहिणीचं इंजिनीअरिंग झालं. मी इथे २००८ ला आलो, शेजारी एक बाई होत्या, कॅननमध्ये एकतीस वर्षं टॉवेलच्या कडा शिवायचं काम केलेल्या. एकदा सहज म्हणाल्या की दुकानात टॉवेल घेताना मी अजून कड उलटून टाके बघते. मी मामांबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. चार वर्षं शेजारी होतो, नाहीच सांगितलं. मामांनी काही चूक केली नाही हे मला पक्कं माहीत आहे, तरीही नाही सांगता आलं.

---

वैदेही_एम

सोलापुरी, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

आकड्यांत सांगायचं तर अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्यांचा कळस जून १९७९ ला, १ कोटी ९५ लाख. २००० ला अजून १ कोटी ७० लाखाच्या वर होत्या, आणि २०१० च्या सुरुवातीला १ कोटी १५ लाखाच्या आसपास. म्हणजे पहिल्या एकवीस वर्षांत जेवढ्या गेल्या त्याच्या दुपटीपेक्षा जास्त पुढच्या दहा वर्षांत गेल्या. अर्थशास्त्रज्ञांची पूर्वीची समजूत अशी की माणूस दुसरीकडे जाईल, दुसरं काम शिकेल, पाच-सात वर्षांत भरून निघेल. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांनी जिल्हावार बघितलं तर ते भरून निघालंच नव्हतं. माणसं हललीच नाहीत फारशी. ताईंनी सांगितलेलं न विकलं गेलेलं घर हे त्याचं एक उत्तर. दुसरं उत्तर ओहायोकरांच्या प्रतिसादात आहे, त्या आईचे वडील डायलिसिसवर.

२०१५ मध्ये अॅन केस आणि अँगस डीटन यांनी दाखवलं की मध्यमवयीन गोऱ्या अमेरिकनांचा मृत्युदर १९९९ पासून वाढतोय, दारू, दुखणं मारणाऱ्या पण व्यसन लावणाऱ्या औषधी गोळ्या, आत्महत्या. श्रीमंत देशात असं होत नसतं. मी फार्मसीत काम करते, साउथ ओहायोत. सुरुवात बहुतेकांची पाठदुखीच्या चिठ्ठीने झालेली असते, अंगमेहनतीच्या कामाची पाठ. यापुढे इथे लिहवत नाही.

---

अभय_पिट्स

धागा उत्तम आहे पण जरा दुसरी बाजू. पिट्सबर्ग हे तर सावरलेल्या शहराचं उदाहरण म्हणून सांगतात ना? कार्नेगी मेलन विद्यापीठाची रोबोटिक्स इन्स्टिट्यूट १९७९ पासून आहे, म्हणजे मिल चालू होत्या तेव्हापासून. भाषा शिकवणारी ड्युओलिंगो कंपनी इथलीच. मी स्वतः त्यामुळेच इथे आलो, माझ्यासारखी शेकडो मराठी घरं आहेत. हवा स्वच्छ झाली. पूर्वी दुपारी रस्त्यावरचे दिवे लावावे लागायचे त्याचे फोटो आहेत. मग हे वाईटच झालं असं कसं म्हणायचं?

---

मोनकाठची

अभय, प्रश्न रास्त आहे, आणि मीही त्याच सावरण्यावर जगतेय, माझं घर चालतं ते हॉस्पिटलच्या पैशावर. डाउनटाउनला यूएस स्टील टॉवर आहे ना, ६४ मजली, त्याच्या माथ्यावर २००८ पासून यूपीएमसी ही हॉस्पिटलच्या साखळीची अक्षरं आहेत. ती आता राज्यातली सगळ्यात मोठी खाजगी नोकरी देणारी संस्था आहे. पण असं का झालं बघा. तरुण निघून गेले, म्हातारे राहिले. त्यांच्या फुप्फुसांना, सांध्यांना, कानांना उपचार हवेत आणि वयाची ६५ झाली की मेडिकेअर हा सरकारी विमा आहे, म्हणजे पैसा येतो. एका अर्थी कारखान्याने जी शरीरं झिजवली तीच आताच्या धंद्याचा कच्चा माल आहेत. हे लिहिताना मला बरं वाटत नाही पण रोज तेच बघते.

आणि ते काम कोण करतं? आजींसारख्या बायका. अंघोळ घालणं, कूस बदलणं, डायपर बदलणं. मिलमध्ये जड वस्तू उचलणाऱ्याला युनियनचा पगार होता, इथे नव्वद किलोचा माणूस उचलणारीला तासाचे किती मिळतात ते मला माहीत आहे. मी आधी जिथे होते तिथे आमच्या मदतनीस बायकांची शिफ्ट आदल्या रात्री मेसेज करून रद्द करायचे, पेशंट कमी आहेत म्हणून. एक बाई दोन बस बदलून यायची, तिला ते सकाळी दारात आल्यावर कळलं होतं.

शहर सावरलं ते नदीच्या त्या वळणापर्यंत. पुढे ब्रॅडॉकला या. १९२० ला २०,००० च्या वर वस्ती होती, २०२० ला १,७२१. गंमत नाही, खरंच एवढीच. एडगर थॉमसन नावाचा पोलाद कारखाना तिथे १८७५ पासून आजही चालू आहे, भट्टी पेटलेली आहे, आणि गाव गेलेलं आहे. कारण काकांनी सांगितलं तेच, माणसं लागत नाहीत. आणि गावातलं हॉस्पिटल २०१० ला बंद झालं. रात्री छातीत दुखलं तर पूल ओलांडून जायचं.

(अवांतर: पेन हिल्सचं वेंकटेश्वर मंदिर १९७६ चं, अमेरिकेतल्या अगदी पहिल्या मंदिरांपैकी. ते बांधणारे इंजिनीअर आणि डॉक्टर १९६५ च्या स्थलांतराच्या कायद्यानंतर आले, बरेच जण याच गावांच्या दवाखान्यांत होते. आपली माणसं इथे रुजत होती आणि खाली नदीकाठी त्याच दहा वर्षांत सगळं उखडत होतं. मंदिरात जाताना माझ्या मनात हे येतं.)

---

ओहायोकर

आता टॅरिफबद्दल, म्हणजे आयातकराबद्दल, कोणीतरी विचारणारच. २०१८ ला पोलादावर २५ टक्के, जून २०२५ ला ५० टक्के. आणि त्याच महिन्यात यूएस स्टील जपानच्या निप्पॉनने घेतली, १४.९ अब्ज डॉलर, अमेरिकी सरकारकडे नकाराधिकाराचा एक खास शेअर. युनियनचे वरचे नेते या सौद्याच्या विरोधात होते आणि मॉन व्हॅलीतले बरेच कामगार बाजूने, कारण त्यांना भट्टीत घालायला पैसा हवा होता, तो कोणाच्या देशाचा आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं. आठवतंय का काकांनी मॅरॅथॉन ऑइलचं लिहिलेलं, ती आठवण आहे ती. मला स्वतःला वाटतं टॅरिफने असलेली भट्टी टिकेल, पण पाच हजारांची पाळी परत येणार नाही.

---

भट्टीवाले_काका

सहमत. आणि टिकलेल्या जुन्या प्लँटवर खर्च व्हायलाच हवा. ऑगस्ट २०२५ मध्ये मॉन व्हॅलीतल्याच क्लेअरटनच्या कोक प्लँटमध्ये स्फोट झाला, दोन कामगार गेले. कोक ओव्हनजवळ मी उमेदवारीत उभा राहिलोय. तिथल्या माणसाला स्वस्त समजू नये कोणी.

---

निशा_जे

ताई, आजोबा कसे आहेत आता? आणि त्यांना कळलं का तुम्ही लिहिलंय ते?

---

मोनकाठची

निशा, कालच जाऊन आले. धाग्याचा थोडा भाग मी त्यांना इंग्रजीत सांगितला, कागदावर लिहून, कारण ऐकू येत नाही. परळच्या वडिलांचं, बंदरावर बसायचं, ते त्यांनी दोनदा वाचलं. सोलापूरच्या टॉवेलचं आजींनी वाचलं आणि म्हणाल्या, त्या पोराला सांग, तिला कळलं असतं तरी तिने केक आणून दिलाच असता.

आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना असतो, पेशंटचं स्वतःचं ध्येय काय. बहुतेक जण लिहितात बाथरूमला एकट्याने जाणं, नातीच्या लग्नात उभं राहणं. नदीपलीकडे रँकिनला कॅरी फर्नेस आहे, दोन जुन्या झोतभट्ट्या जपून ठेवल्यात, तिथलं वितळलेलं लोखंड पुलावरून होमस्टेडला यायचं. मे महिन्यापासून तिथे लोकांना घेऊन जातात, दाखवणाऱ्यांत काही जुने कामगारही असतात. आजोबांनी रकान्यात तेच लिहिलंय. त्यांच्या दारापासून रस्त्यापर्यंत ४२ पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला. काल ३१ उतरलो, मग त्यांनी मूठ मिटून वर धरली. तिथेच दोघं बसलो थोडा वेळ आणि मग परत वर आलो.